जाळी पुन्हा सुटली

१२ फेब्रुवारी २०१४

पुन्हा आलं! आंघोळ करताना हाताला लागला — जुन्या टाक्यांशेजारी तोच गोळा. खोकलं की नारळाएवढा फुगतो. हर्नियाच्या भोकावर जाळी बसवायला दोनदा पोट फाडून झालंय. यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू कुणाचं ऐकत नाहीस ना."

काय ऐकलं नाही मी?

१५ फेब्रुवारी

रायापूरहून अंबूवन्सं आल्या. दारातूनच — "हेमा, घागरी उचलल्यास तू! डॉक्टरांनी बजावलं होतं." अहो, सप्तापुरात नळ आठवड्यातून एकदा येतो! मग कुणी उचलायच्या? तुमच्या भावानं? हे मनातच. तोंडानं विचारलं, चहा टाकू? स्वतःचाच संताप आला.

१९ फेब्रुवारी

जुन्या डॉक्टरांनी धड हातही लावला नाही. "जाळी मी व्यवस्थित बसवली होती. बाईंनी काळजी घेतली नाही." बोलले कुणाशी? यांच्याशी! पोट माझं. मी तिथंच आडवी.

३ मार्च

एकटीच हुबळीला गेले. डॉ. लीला हिरेमठ — माझ्याहून लहान. उभं करून, झोपवून तपासलं, स्कॅन काढला. म्हणाल्या, भोकावर नुसती जाळी लावून भागणार नाही. पोटाचे स्नायू दोन्ही कुशींकडे सरकलेत. त्यांचे थर एकमेकांपासून सोडवायचे, सैल झाले की मधे ओढून शिवायचे, आणि मागं चांगली मोठी जाळी. धोका आहे, तेही सांगितलं.

मी विचारलंच — घागरींनी झालं का?

"अक्का, निम्म तप्पल्ल."

माझी चूक नाही! जिना उतरताना रडले. रागानं.

४ मार्च

हे म्हणतात, कशाला परत कापाकापी, पट्टा बांध. मी म्हटलं, तुम्ही बांधा. ऑपरेशनच्या कागदावर सही माझी मी करणार.

२२ मार्च

झालं ऑपरेशन. शिंकायचीही भीती वाटते. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, जुनी जाळी तळहाताएवढीच होती, गुंडाळून एका कडेला गेलेली. एवढ्या भगदाडाला तळहाताएवढी! हे खिडकीबाहेर बघत राहिले. वन्सं तर ताडकन उठून बाहेर गेल्या. जाऊ देत! मला त्यांची माफीसुद्धा नको.

६ एप्रिल

वन्सं आल्या. खोलीची कडी आतून घातली. निऱ्या सैल केल्या. माझ्याहून मोठा गोळा!

"कधीपासून?"

"श्रीकांतच्या सिझेरियनपासून."

त्यांचा श्रीकांत आता दोन मुलांचा बाप आहे.