नवसाची जागा

आप्पा,

पायांच्या जखमांवरच्या उपचारांचं पुढचं शिक्षण मी मोठ्या हॉस्पिटलातच घेणार, असं तुम्ही रामनगरभर सांगत होता. माझे मार्क बेताचे. मी गुपचूप बेळगावचं एक छोटं हॉस्पिटल निवडलं. तिथून होकारही आला, पण लाजेनं तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

"मार्कं कमी हायत तर असू देत, देव हाय न्हवं," म्हणत तुम्ही माझ्या जागेसाठी नवस बोलून उळवीच्या देवाला अनवाणी चालत गेलात. शुगरनं बधिर झालेल्या तळव्यात काटा मोडला, तो तुम्हाला कळलाच नाही.

आता कुबडीवर टेकून तुम्ही सगळ्यांना सांगता, "देवानं पाऊल घेतलं, पण पोरीला जागा दिली."

ती जागा तुम्ही निघण्याआधीच मिळाली होती, आप्पा. एवढंच लिहायला बसले होते. पत्र वहीतच ठेवते.

घरातली पहिली पदवीधर,
सुमंगला