नागपूरचं जोडकार्ड

रिसोड,
ता. ११ सप्टेंबर १९७६

चि. फूलचंद यास कस्तुरचंदचे अनेक आशीर्वाद.

जय जिनेंद्र. कामरगावची तुझी शाळा नीट चालू असेल. स्वतःच्या हाताने रांधतोस असं एस.टी.चा फुलसिंग ड्रायव्हर सांगत होता. भाजीत मीठ तरी लक्षात राहतं का? माझ्या तर मुळीच राहत नाही. तुझी आई गेल्यापासून दुकान मिटलं की घरात बोलायला माणूस नाही. पर्युषणाचे उपवास यंदा एकट्याने केले आणि एकट्यानेच सोडले.

गेल्या महिन्यात डोळे दाखवायला नागपूरला जाऊन आलो.

डोळ्यांचं खोटं आहे. लघवी अडते. वाटेत मालेगावच्या स्टँडवर लोक मागे ताटकळत उभे आणि मी भिंतीकडे तोंड करून. तेव्हा तू आठवलास. शाळेत तू पोरांपासून लांब एकटाच का जायचास, ते आठवलं.

मग तुझ्याच डॉक्टरांकडे गेलो. जन्मतः तुझी लघवीची वाट खाली होती, ती त्यांनीच पाचव्या वर्षी दोन ऑपरेशनं करून पुढे आणली. त्यांनी मला ओळखलं आणि कपाटातून गठ्ठा काढला. तुझी विचारपूस करायला ते दरवर्षी जोडकार्ड पाठवायचे, त्याला जोडलेल्या कोऱ्या कार्डावरची माझ्या हातची उत्तरं. एकोणीस कार्डं. प्रत्येकावर तेच, मुलगा ठीक आहे, तक्रार नाही.

समोर एक बाई बसली होती, मांडीवर तसंच पोरगं. डॉक्टरांनी तिला ती कार्डं दाखवली. "बघा, रिसोडचा मुलगा. एकोणीस वर्षांत काही त्रास नाही." बाई मला म्हणाली, "खरं सांगा दादा, पोरगं चांगलं होते नं?"

मी मान डोलावली.

फूलचंद, तू दहा वर्षांचा असताना आई मला म्हणाली होती, टाक्यांजवळ भोक पडलंय, पोराची चड्डी ओली राहते. त्याच आठवड्यात कार्ड आलं. पोस्टमास्तर रामराव कार्ड वाचूनच हातात देतात, हे साऱ्या बाजाराला माहीत. मला लाज वाटली. बंद पाकीट मिळतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी 'ठीक आहे' लिहून टाकलं. पुढे तेच सोपं वाटू लागलं. तुला एकदाही विचारलं नाही.

तारामतीशी जमलेलं लग्न तू मोडलंस, तेव्हा भर बैठकीत तुला नालायक म्हणालो आणि घराबाहेर काढलं. तू का मोडलंस ते मला कळलं होतं. तरी म्हणालो.

ती बाई गेल्यावर डॉक्टरांना विचारलं, समजा मोठेपणीही कुणाचं गळत असलं तर? म्हणाले, पुन्हा शिवता येतं, बहुतेक बरं होतं, संसारही होतो, पण माणसाने यायला हवं. असा कोणी आहे का? मी म्हटलं, ऐकण्यात आहे. तिथेही तुझं नाव घेतलं नाही.

यंदाचं जोडकार्ड सोबत ठेवलं आहे. उत्तराची बाजू कोरी आहे, ती तू लिही. ते घालून पाठवायला डॉक्टरांचा पत्ता लिहिलेलं पाकीटही आत आहे. माझ्यासाठी लिहू नकोस. स्वतःसाठी लिही. त्या बाईच्या पोराचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. पुढे गळलं तर परत आणायचं असतं, पोराला विचारत राहायचं असतं, एवढं तुझ्या कार्डावरून तिला कळायला हवं.

पाकिटं घ्यायला गेलो तर रामराव म्हणाले, "शेटजी, पोराले पाकीट कायले? कार्ड पुरते ना." मी म्हटलं, "आता तुमाले नाही वाचू द्यायचं."

दर क्षमावणीला मी सगळ्या व्यापाऱ्यांना छापील कार्डं धाडतो. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा असावी. तुला कधी धाडलं नाही. आज त्यातलं एक सोबत ठेवलं आहे. त्यावरचा 'अजाणता' शब्द मी खोडला आहे.

जाणून चुकलेला,
तुझा बाप
कस्तुरचंद