मुकुंदीलालजींचा हौद आणि आपलं तळघर

दादा,

तळघरात पाणी शिरलं आहे. तिथे वहिनीचे बगरूच्या छापील चादरींचे अकरा गठ्ठे होते. आठ फळीवर कोरडे आहेत, तीन भिजले. ते वाळवायला वहिनी आणि मी शेजारच्या वीणाच्या गच्चीवर गेलो आहोत. पोळ्या डब्यात आहेत.

तळघरातलं पाणी उपसणारा विजेचा पंप सकाळी बंद पडला. अशा वेळेसाठीच बसवलेला हातपंप मारायला गेले, तर तो नुसती हवा ओढत होता. उघडून पाहिला, तर आतला चामड्याचा वॉशरच नाही. झिजलेला नव्हे, काढून नेलेला. तळघराची एक किल्ली आपल्याकडे असते, दुसरी घरमालक मुकुंदीलालजींकडे. तुझ्या जुन्या चपलेचा तळ कापून नवा वॉशर बसवला आहे, रागावू नकोस.

मुकुंदीलालजी म्हणतात, "बेटी, बरसात का पानी है." पण आठवडाभर पाऊस नाही. त्यांच्या चौकातला हौद मात्र रोज सकाळी भरलेला असतो आणि दुपारी रिकामा. तिथे पाणी घालायला एक झाड नाही.

संध्याकाळी ते तळघर सोडल्याचा कागद घेऊन येतील. चहा जरूर दे, पण भिडेखातर 'जैसा आप कहें' म्हणून सही करू नकोस. चादरी ठेवायला वहिनीला दुसरी जागा नाही, आणि ती हे तुला स्वतः सांगणार नाही.

कुंदा

ता. क. हौदाच्या मोरीत चिंध्यांचा बोळा कोंबला आणि हातपंप थांबवून तळघराच्या भिंतीवर खडूची रेघ मारली. आधी तासाला दीड इंच पाणी चढत होतं. बोळ्यानंतरच्या तासात चढलेलं पाणी शून्य इंच.