तू चुकायचीस ती जागा

प्रिय कमल,

बघ, नावाने हाक मारली! उभ्या संसारात कधी मारली नाही. 'अगो' म्हटलं की तू मोरीतून 'ओ' द्यायचीस, तेवढ्यावर भागलं. तूही माझं नाव घेतलंस ते फक्त लग्नातल्या उखाण्यात. पण पत्राला नाव लागतं, आणि नुसतं 'अगो' लिहिलं तर ते कुणाकडे जाणार?

आज लिहायला बसलो, कारण काल देवळात माझी फजिती झाली. येत्या पौर्णिमेला गणेशपुरीला आपल्या भजनी मंडळाची हजेरी आहे. तू गेल्यानंतरची ही पहिलीच. दरवर्षीसारखी एका अभंगाला नवी चाल बांधून नेली आणि मंडळासमोर म्हणायला घेतली. पहिलं कडवं संपत नाही तोच बाळारामने पखवाजावरचा हात उचलला.

"बुवा, ही गेल्या सालची चाल हाय."

"नवी हाय रं."

"अवो, वाजवली मी, आन मना कलनार न्हाय? शब्द नवं, चाल तीच. हात आपसूक चाललं माजं!"

टाळकरी हसले. मीही हसलो. परतताना मात्र पेटी कधी नव्हे इतकी जड लागली. इतके दिवस खपून मी जुनंच पुन्हा बांधत होतो, आणि मला पत्ता नाही! "या सालाला जुनीच गाऊ. देव काय परीक्षा घेतो?" बाळाराम वाटेत समजूत घालत होता. मी त्याला हो म्हटलं. पण रात्रभर वाटत राहिलं, की आता आपल्यातलं आटलं.

तुला आठवतं, तू काय म्हणायचीस? "नैवेद्याचं मीठ बघायचं नसतं, आन गानं तेवढं आदी मना चाखायला देताव! पाप लागंल." आणि चाखायला बसायचीस मात्र!

बसायचीस कसली! शुक्रवारी कापडाच्या कारखान्यातले लूम बंद, म्हणून मी सकाळीच पेटी काढायचो. तू मोरीत भांड्यांचा ढीग घेऊन. तुझी पाठ माझ्याकडे. मी चाल घोळवायचो आणि थोड्या वेळाने तीच तुझ्या तोंडून यायची. पण चुकीची! जिथे मी सूर लांबवत न्यायचो, तिथे तू तो मध्येच सोडायचीस. क्षणभर काहीच नाही. मग पुढचा शब्द खालून उचलायचीस.

"अगो, तुटला सूर. लांबव की!"

"मना कुटं गानं येतंय? तुमी गा, मी भांडी घासतंय."

मी पुन्हा सांगायचो, तू पुन्हा तिथेच चुकायचीस. शेवटी कंटाळून मीच तुझ्यासारखं म्हणून बघायचो, आणि चाल जिवंत व्हायची! सगळ्या मंडळाला हे ठाऊक होतं. नवी चाल ऐकली की बाळारामचा पहिला प्रश्न ठरलेला, "बुवा, ही मोरीतनं आली का?"

आता मोरीतून काही येत नाही.

लोक सल्ले देतात. कुणी म्हणतं, थोडे दिवस पेटीला हात लावू नका. कुणी म्हणतं, सिनेमाची चाल घ्या, पोरांना आवडते. जावईबापूंनी मोबाइल आणून दिला. सुचेल ते त्यात भरून ठेवा आणि मागाहून ऐका, म्हणाले. भरलं, आणि ऐकलंही. माझंच गाणं मलाच ऐकू येत होतं. पुढे कुणी काही बोललं नाही. मी तो बंद करून फडताळात ठेवून दिला.

कारखान्यात माझ्या शेजारच्या लूमवर रईसभाई असतात, माहीत आहेत ना तुला? ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवायचे ते. परवा चहाला बाहेर आलो तर म्हणाले, "मास्टर, आजकल गुनगुनाते नहीं?"

मी म्हटलं, "लूम की आवाज में तुमको सुनाई कब देता था?"

"सुनाई नहीं देता था. होंठ देखता था ना."

माझे ओठ थांबलेत हे मला कळलं नव्हतं, कमल. त्या माणसाला कळलं.

थोडा राग आहे तुझ्यावर. अंगात ताप घेऊन भांडी घासत राहिलीस. विचारलं तर "काय न्हाय झालं" एवढंच. सूर तुटला की मी लगेच टोकायचो, मग हे मला का कळू दिलं नाहीस? तू गेल्यावर प्रतिभाने किती वेळा बोलावलं! "बाबा, काल्हेरला या. भांड्याला बाई हाय, तुम्हाला काय करावं लागनार न्हाय." जाणार होतो. कालच्या फजितीनंतर तर पेटी बाळारामच्या हवाली करून जायचं ठरवूनच टाकलं होतं.

आज शुक्रवार. सकाळी देवापुढे दिवा लावला, पण पेटी उघडली नाही. कालची भांडी पडली होती, ती घेऊन मोरीत बसलो. घासता घासता तीच शिळी चाल तोंडात आली. येऊ दिली. हात राखेत, लक्ष कुठेच नाही. विसळायला पाण्याने भरलेला हंडा उचलला आणि माझा सूर तुटला. अगदी मध्येच! श्वास छातीत अडकला होता. हंडा रिता झाला, श्वास सुटला, तेव्हा पुढचा शब्द खालून आला.

अगो, तू चुकत नव्हतीस! तू हंडा उचलत होतीस. मी पेटीवर बसून 'लांबव, लांबव' म्हणत होतो, आणि तुझ्या हातांत पाणी होतं.

फार काही सुचलं असं नाही. सुचली ती चालीची एकच ओळ. पण ती गेल्या सालची नाही. बाळारामला ऐकवली नाही अजून. आधी तुला लिहितोय. चाखून बघ.

काल्हेरला मी जात नाही. प्रतिभाला समजावीन. माझी भांडी मीच घासणार आहे आणि घासताना ओठ बंद ठेवणार नाही. पौर्णिमेला गणेशपुरीला ती ओळ येईल, तेव्हा मी मध्येच थांबेन. बाळारामला वाटेल, बुवांचा दम संपला. वाटू दे. तेवढी जागा मी भरणार नाही. तिथे तू हंडा उचल. तू तो खाली ठेवलास की पुढचा शब्द मी घेईन.

तुझा,
नारायण