वसंताच्या रेडिओचा हळू आवाज

धुळे, ३ फेब्रु. १९५५
दिवाळीत विषमज्वराने वसंता गेला, तेव्हापासून त्याचा रेडिओ त्याच्याच धोतराखाली. आईचा हुकूम, वर्षभर घरात गाणे नको. आज ही म्हणाली, सुशीला विचारतेय, कान लावला तरच ऐकू येईल इतका हळू होईल का? मी थोरला दीर, माझ्याशी ती बोलत नाही. धाकट्या भावाची, वसंताची बायको, वय वीस, आणि मागून मागितले काय, तर कुजबुज.

५ फेब्रु.
उघडला. आवाजाचे बटण झिजलेले. आधी मुके, मग एकदम गल्लीभर बोंब. नवे घातले तरी अगदी खालच्या आवाजात भरवसा नाही. त्यापेक्षा पायऱ्यांचा स्विच करावा, दर पायरीला आवाज अडवणारा वेगळा रेझिस्टन्स. आईला कमी ऐकू येते, पण पेचकस बरोबर ऐकू आला. “काय करी राह्यना रे?” म्हटले, दुरुस्ती. “कर. पन वाजाडू नको.”

१३ फेब्रु.
रेझिस्टन्ससाठी जळगाव, चाळीसगावला गाडी बदलून. दुकानदार म्हणे, “लोक आवाज वाढवायला येतात भाऊ, तुम्हीच पहिले.” मीही हसलो. कुणासाठी ते सांगितले नाही. त्यांच्यावरचे रंगाचे पट्टे एक आकडा सांगतात, मीटर दुसराच, म्हणून एकेक तपासून घेतला. काही नुसतेच खरखरतात. मोठ्या आवाजात ते खपून जाते, इथे खरखरच ऐकू आली असती. तसले परत टाकले. वसंता असता तर म्हणाला असता, दादा, मुलगी बघायला आलास का? गाडीत रडू आवरेना. समोरच्या बाईने पाणी दिले.

२० फेब्रु.
बसवला. सहा पायऱ्या. पहिलीवर रेडिओच्या पुढच्या कापडाला कान टेकला तरच शब्द कळतो. सहावी म्हणजे पूर्ण आवाज, वर्ष सरल्यावर लागेल म्हणून. तोवर गल्लीत ऐकू जायला नको. दिवाळीत नवरा गेला आणि हिला गाणी सुचतात, असे म्हणायला लोक टपलेलेच. सुशीलेने दुपारी ऐकला म्हणे. त्यानंतर जेवली.

९ मार्च
कचेरीतून आलो तर स्विचचा काटा चौथीवर! हिच्याकरवी निरोप, जपून. उत्तर आले, “मी पहिलीच्या पुढे कधी गेले नाही.” ही म्हणते, मीही नाही. मग काय उंदराने फिरवला? चिडलो सुशीलेवर. एवढे करून दिले तरी...

१२ मार्च
अर्धी रजा. दोघी पांझरेवर धुण्याला गेलेल्या. आत आलो तर आई रेडिओला कान लावून बसलेली, काटा पाचवीवर. मला पाहून उठली नाही.
“वसंता हाईच ऐके का रे?”
हो, हेच, म्हणालो. भजन लागले होते. तो भजनाला कंटाळायचा.
“माले काही ऐकू येस नही. मोठा कर ना.”
बाहेर ओट्यावर बायका गहू निवडत होत्या. आई ऐकत होती म्हणून सांगितले तरी कोण मानणार? बोल सुशीलेच्याच वाट्याला. हे कळत असून सहावीवर नेला. बाहेरचे बोलणे थांबले.
आई कान तसाच ठेवून म्हणाली, “आखो मोठा कर.”
तिला कसे सांगू, एवढाच आहे.