स्कूटरच्या डिकीतली बाटली

वेलचेरी, चेन्नई
१९ जून २०२५

तीर्थरूप राघोत्तम अण्णास,

रंजनीचा नमस्कार. 'तीर्थरूप' लिहिताना आज हात अडखळला, पण अम्मानं लावलेली सवय जात नाही.

इकडे सगळे बरे. माझ्या अथर्वची परीक्षा संपली. आमचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, पाण्याचा टँकर कोपऱ्यावरच थांबतो. लेकीच्या, सौम्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला तुम्ही कांचीपुरमला जाऊन आलात म्हणे. मुहूर्ताची कुठल्या रंगाची घेतली?

साडीचा रंग विचारायला मी पत्र लिहीत नाही, हे तुला कळलंच असेल. फोन केला की तू 'अप्रम पेसलाम', नंतर बोलू, म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहिते. मराठीत लिहिते, कारण सौम्याला आपली लिपी वाचता येत नाही आणि लग्नाच्या तोंडावर तिला हे असं कळावं, असं मलाही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासायला आलेल्या बाटल्या उघडत होते. एकीवर नाव होतं, कमलिनी राघोत्तम. म्हटलं, दुसरी कोणी असेल. पण वय तेच आणि पत्ता तुमच्या माम्बलमचा. माझ्या लॅबमध्ये कळलं तर चार ठिकाणी बोभाटा होईल, म्हणून तू घराजवळच्या कलेक्शन सेंटरला बाटली दिलीस ना? त्यांचं सगळं आमच्याकडेच येतं, अण्णा. वहिनीच्या छातीतली गाठ काढली हे मला, तिच्या नणंदेला, बाटलीवरून कळलं.

झाकण उघडलं आणि वास आला. फॉर्मलिनच्या वासानं डोळे झोंबतात, पण त्याची मला सवय आहे. हा वास मासळी बाजार उठल्यावर येतो तसला होता. बाटलीत नुसतं सलाईन आणि गाठ शिजलेल्या वांग्यासारखी मऊ. अंगातून काढलेला तुकडा वेळेवर फॉर्मलिनमध्ये पडला नाही की कुजतो, त्याला काही इलाज नाही. तरी मी सोडलं नाही. अल्कोहोलमधून काढलं, मेणात बसवलं, मशीनवर पातळ पापुद्रे कापले. कोमट पाण्यावर सोडला की चांगला पापुद्रा छान पसरतो. हे विरून जात होते. पुन्हा कापले, पुन्हा विरले. शेजारचा वेंकट म्हणाला, "अक्का, विडुंगो, सोडून द्या." मी त्याच्यावरच खेकसले.

आमच्या डॉक्टर विद्यालक्ष्मींनी रिपोर्ट लिहिला: नमुना कुजलेला आहे, निदान करता येत नाही, पुन्हा पाठवावा. तो रिपोर्ट तुझ्या हातात पडला.

त्याच संध्याकाळी मी वहिनीला फोन केला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "कायी नाही मणून सांगटले, रंजा. रिपोर्ट क्लीन आहे. स्वामींनी राखलं." मग हसून म्हणाली, "बाटली मात्र दोन दिवस स्कूटरच्या डिकीतच होती गं. मामंजींचं श्राद्ध होतं नव्हे? मांसाची बाटली घरांत कशी आणायची?"

माझं डोकंच फिरलं. फोनवर तिला खरं सांगवलं नाही; ते तूच सांगावंस म्हणून तुला फोन करत राहिले. नर्सिंग होमवाल्यांनी 'सरळ लॅबमध्ये न्या, ते औषधात घालतील' असं बजावून बाटली तुझ्या हातात दिली होती, हेही तिनंच सांगितलं. आणि तू ती चेन्नईच्या उन्हात स्कूटरमध्ये ठेवलीस, सोवळं मोडायला नको म्हणून! अप्पांचं नाव पुढे करू नकोस. त्यांनी स्वतः तुला त्याच स्कूटरवरून लॅबकडे पिटाळलं असतं. टाके ओले असताना तू वहिनीला श्राद्धाचे वडे तळायला उभं केलंस. ते तुझ्या सोवळ्यात बसलं. तिच्या अंगातली गाठ तेवढी घरात चालली नाही.

तरी ती चूक मी गिळली असती. चुका आमच्याकडेही होतात. पण रिपोर्ट वाचून तू तिला 'क्लीन' म्हणालास. का, तर मुलाकडच्यांना कळेल, लग्न मोडेल, तेव्हा आधी लग्न उरकू, मग बघू. कोणाच्या जिवावर बघणार आहेस, अण्णा? तुझा मला भयंकर राग आलाय. लाजही वाटते तुझी.

एक गोष्ट अजून लिहिली नाही. इतका वेळ साड्या आणि टँकर लिहीत बसले ते त्याचमुळे. डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपजवळ बोलावलं. सगळा पुसट लगदा होता, पण एका कडेला थोड्या पेशी शाबूत होत्या. तेवढ्यावर निदान लिहिता येत नाही. पण त्या चांगल्या दिसत नव्हत्या. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "गाठ काढली तिथला तुकडा पुन्हा घ्यायला सांग. उशीर नको."

पाकिटावर मी तुझं नाव घातलेलं नाही, वहिनीचं घातलंय आणि आजच हातोहात पाठवतेय. मराठी तिला तुझ्यापेक्षा चांगली वाचता येते. तू हे वाचत असशील, तर तिनं आधी वाचून मग तुझ्या हातात दिलंय. आता मान वर कर आणि तिच्याशी बोल.

वहिनी, तुला हे असं कागदावरून कळवावं लागलं, याचा मला संताप येतो आणि रडूही येतं. घाबरू नकोस, असं खोटं मी म्हणणार नाही. उद्या सकाळी नर्सिंग होमला जायला ऑटो घेऊन येते, तयार राहा. ऑटोत तिसऱ्याला जागा असते. त्याला यायचं असेल, तर त्यानं तुला विचारावं.

कमलिनीची नणंद,
श्रीरंजनी