कोनशिला

विरार, शुक्रवार, १४ मार्च २००३

आज सुकेळीच्या कारखान्याचा लिलाव उरकला. सरकारी भांडवलावर उभी राहिलेली कंपनी बुडाली आणि तिच्यातले सरकारचे पैसे वसूल करायचं माझ्या गळ्यात पडलं. केळी वाळवायच्या भट्ट्या भंगाराच्या भावात गेल्या. घेणारा कोण, तर कंपनीच्या अध्यक्षांचाच मेहुणा. कागद चोख होते.

सगळे पांगल्यावर नंदाखाल गावच्या मार्थाबाई आल्या. त्यांच्या वाडीतली केळी कारखान्याने नेली, पैसे दिलेच नाहीत. मी सांगितलं, आधी सरकारचं देणं फिटणार, तुमच्यापर्यंत काही उरायचं नाही. त्या भांडल्या नाहीत. फाटकाजवळच्या कोनशिलेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग तो दगड तरी द्या, साहेब. धुणं आपटायला होईल."

मंत्र्यांचं नाव कोरलेला दगड. लिलावात त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तरी मी म्हणालो, "बाई, ती सरकारी मालमत्ता आहे. देता येणार नाही."

दिला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

शिवाय निघताना वॉचमनला बजावून आलो, त्या दगडावर लक्ष ठेव. भट्ट्या ट्रकमध्ये चढत होत्या तेव्हा मात्र मी मुकाट्याने सह्या करत होतो.